बसलीस?

१

माझा जन्म मोटरसायकलींच्या सीटा शिवण्यात गेला. फोम कापायचा, घासून त्याला आकार द्यायचा, वर रेक्झिन ताणून बसवायचं. लोक इंजिन बघून गाडी घेतात आणि महिनाभरात कंबर धरून माझ्याकडे येतात. शाळेत मी फार टिकलो नाही, पण माणूस कसा बसतो ते मला कळतं. कुणी एकाच बाजूवर भार देतो, कुणी पुढे सरकून बसतो, कुणी भीत भीत नुसता टेकतो. माणूस उठून गेला तरी त्याचं बसणं फोममध्ये थोडा वेळ राहतं. हात फिरवला की समजतं.

सत्तरी ओलांडल्यावर मी दुकान बंद केलं आणि नवी गाडी घेतली. लांब पल्ल्याची, जोरात पळणारी, पुढे काच, दोन्ही बाजूंना पेट्या. थंडीत हँडलच्या मुठी गरम होतात. गाडी घ्या म्हणून बायकोच मागे लागली होती. गेल्या वर्षी तिचं डावं अंग गेलं, तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत असते. बोलते नीट, जरा सावकाश.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांची सीट दाबून बघितलीत," ती म्हणाली, "आता जरा स्वतःच्या गाडीवर बसा."

"आणि तुला सोडून जाऊ?"

"मी कुठे पळून जातेय?"

शोरूममधल्या मुलीने विचारलं, "काका, कोणासाठी बघताय? नातवासाठी?"

"नातवाला सायकल आहे," मी म्हणालो.

ती हसली आणि मग तिने मन लावून सगळं दाखवलं. काट्यांच्या जागी आता स्क्रीन असते. त्यावर एका कोपऱ्यात छोटं हेल्मेटचं चित्र. एकटा माणूस असला की एक हेल्मेट. मागे कुणी बसलं की गाडीला वजन कळतं, मागची स्प्रिंग ती आपोआप घट्ट करते आणि स्क्रीनवर दोन हेल्मेटं येतात.

"म्हणजे गाडीला सगळं कळतं," मी म्हणालो.

"सगळं नाही काका. वजन कळतं."

२

सकाळी मी चहा करतो. मग बायकोला पलंगावरून खुर्चीत आणतो. तिचा उजवा हात माझ्या गळ्यात, माझे दोन्ही हात तिच्या पाठीमागे, आणि मी म्हणतो, "चला बाईसाहेब." ती अंगाने भरलेली. रोज उचलून उचलून माझी पाठ धरली होती.

खुर्ची मीच केलेली. बायको डावीकडे कलते म्हणून त्या बाजूचा फोम उंच ठेवलाय. तिच्या समोर माझी खुर्ची, त्याच कापडाची. दोन्हींच्या गाद्यांना मागून हवा जायला बारीक भोकं आहेत. कुणी बसलं की गादी हळूच श्वास सोडते. हिची खुर्ची लांब उसासा टाकते, माझी तुटक. स्वयंपाकघरातून मला ऐकू येतं, कोण कुठे बसलं ते.

मग मावशी येतात. तिची अंघोळ, औषधं, केस हे सगळं त्या बघतात. त्या आल्या की मी गाडी बाहेर काढतो. पाय टाकताना गुडघा कटकन बोलतो, पण एकदा वर बसलो की म्हातारपण खाली राहतं.

पहिल्याच दिवशी मी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि सवयीने मान जराशी वळवून म्हणालो, "बसलीस?"

ही आमची जुनी रीत. लग्नानंतर एकदा पेट्रोल भरताना ती खाली उतरली होती. पैसे दिले, किक मारली आणि मी निघालो. घरी पोचेपर्यंत मी तिच्याशी गप्पा मारत होतो. आज हिचं काय बिनसलंय, उत्तर का देत नाही, असं मनात म्हणत फाटकाशी थांबलो, तर मागची सीट रिकामी. परत गेलो तेव्हा ती पंपावर स्टुलावर बसून तिथल्या माणसाला माझी मापं काढून दाखवत होती. ही गोष्ट तिने आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलीय, आणि दर वेळी माझ्या गप्पा थोड्या वाढवून. त्या दिवसापासून नियम झाला. मी विचारायचं, "बसलीस?" तिने म्हणायचं, "बसले." मगच गाडी हलायची. आणि घरी आल्यावर ती "उतरले" म्हणेपर्यंत मी स्टँड लावायचा नाही.

मागे कुणी नव्हतं. मी स्वतःशी हसलो आणि निघालो.

३

गाव संपलं की रस्ता मोकळा होतो. आधी उजवीकडे एका गोदामाची लांबच लांब भिंत लागते. मग चढ, चढावर एकामागून एक वळणं, आणि पलीकडे तळं.

त्या वळणांवर मी पंचवीस वर्षांचा होतो. खरंच सांगतो. गाडी कशी कलायची! मी फक्त वळणाच्या टोकाकडे बघायचो आणि ती तिकडे जायची. आवाज पोटातून येणारा, मांजरासारखा. काचेवरून वारा डोक्यावरून निघून जायचा. हेल्मेटच्या आत मी गाणं म्हणायचो. सूर नाही, शब्द अर्धेच. तळ्याशी गाडी लावायची, पाण्याकडे बघायचं, आणि परत. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी उठायला कारण मिळायचं.

पहिले काही दिवस स्क्रीनवर एकच हेल्मेट असायचं.

मग एके दिवशी फाटकाशी मी नेहमीप्रमाणे "बसलीस?" म्हणालो आणि गाडी मागून जराशी दबली. फार नाही. माणूस पाय टाकून सीटवर टेकला की दबते तेवढी. मागून स्प्रिंगच्या मोटरचा बारीक आवाज आला. मी खाली बघितलं.

दोन हेल्मेटं.

मागे वळून बघितलं. सीट. पेट्या. फाटक. खिडकीत ती खुर्चीवर, मान मागे टेकून.

नव्या गाडीत काहीतरी कुरकुर असणारच, असं म्हणून मी निघालो. पण त्या दिवशी वळणं मी सावकाश घेतली. मागे कुणी असताना घेतो तशी.

४

मेकॅनिकने गाडी दोन्ही बाजूंनी हलवून बघितली, तार लावून काहीतरी वाचलं.

"काका, पेट्यांमध्ये काही जड होतं का?"

"पेट्या रिकाम्या आहेत."

"मग सेन्सर असेल. मी पुसून शून्यावर आणलाय. आता नाही येणार."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. मी हसून सोडून दिलं. आपल्या घरातला जिन्याचा दिवाही कधी स्वतःहून लागतो, म्हणून काय आपण घर सोडतो?

त्याच दिवशी वळणावर एक कुत्रं मधे आलं. मी जोरात ब्रेक दाबला, गाडी सावरली आणि हेल्मेटच्या आत त्याला एक अशी शिवी दिली की दुकानात असताना सुद्धा मी तशी कधी दिली नव्हती. जवळपास चिटपाखरू नव्हतं.

घरी आलो. मावशी तिचे केस विंचरत होत्या. ती माझ्याकडे बघून ओठ दाबून हसायला लागली.

"काय झालं?"

"त्या कुत्र्याला काय बोललात! या वयात शोभतं का?"

मावशीही हसल्या, कशाला ते त्यांना कळलं नव्हतं. मी गुपचूप पाणी प्यायलो. मनाशी म्हणालो, मी घरात येता येता पुटपुटलो असेन. म्हातारी माणसं पुटपुटतात. आपल्याला वाटतं मनात बोललो.

मग मी बाहेर गेलो आणि मागच्या सीटवरून हात फिरवला.

फोम डावीकडे दबलेला होता. थोडा पुढे, माझ्या बाजूला. वर हाताच्या उबेएवढी ऊब. कोण असं बसतं ते मला कुणी सांगायला नको होतं. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक गाडीची मागची सीट मी त्याच मापाने शिवलीय.

मी तळहात तिथेच ठेवून उभा राहिलो. भीती वाटली का? वाटली. पण तिच्या आधी दुसरं काहीतरी वाटलं, आणि ते मला सांगता येणार नाही.

५

आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की काही गोष्टी न बोलताच ठरतात. रात्री ती म्हणायची, "उद्या जरा हळू घ्या, वारा लागतो." मी म्हणायचो, "शाल घे." बस्.

सकाळी मी विचारायचो, "बसलीस?" गाडी दबायची. "बसले" हा शब्द मात्र कधी ऐकू आला नाही. हेल्मेटमध्ये काय ऐकू येणार, असं म्हणून दबणं हेच उत्तर धरायचो. परत आल्यावर "उतरलीस?" विचारायचं, गाडी मागून उचलली जायची, एक हेल्मेट विझायचं. मी आत जायचो तेव्हा ती जांभई देत असायची. गालांवर रंग. मग ती रस्ताभर काय काय बघितलं ते सांगायची, आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचो. गोदामाच्या भिंतीला नवा पांढरा रंग दिलाय. चढावर एक बाई दोरीवर निळ्याच निळ्या चादरी वाळत घालत होती.

"तुम्ही बघितल्या नाहीत?"

"मी रस्त्याकडे बघतो."

"जन्मभर तेच केलंत," ती म्हणाली.

एकदा मावशींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातात फडकं घेऊन उभ्या होत्या, पण काही पुसत नव्हत्या.

"काका, एक सांगू? तुम्ही निघालात की काकू झोपतात."

"झोपू देत की."

"डोळे उघडे ठेवून. हाक मारली, हलवलं, तरी नाही. श्वास चालू असतो, पण इतका सावकाश की मी मोजत बसते. आणि तुमची गाडी फाटकात आली की लगेच उठतात." त्यांनी फडक्याची घडी घातली. "मला एकटीला भीती वाटते हो त्या खोलीत. काकू असून एकटीला."

त्या संध्याकाळी मी तिला पलंगावर नेऊन ठेवलं आणि मग लक्षात आलं की पाठीतून कळ आली नाही. गेले कित्येक दिवस आली नव्हती. मी समजत होतो, गाडीने पाठ बरी केली.

मी तिच्या खुर्चीवर हात फिरवला. ती दिवसभर त्यात बसलेली होती. फोम सपाट होता, ताठ, नव्यासारखा. त्यात कुणाचंच बसणं नव्हतं.

६

मुलगी आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली.

"बाबा, मावशींचा फोन आला होता. काय चाललंय? आई खुर्चीत आणि तुम्ही वळणांवर गाडी उडवताय?"

"उडवत नाही. साठच्या वर जात नाही."

"वय की वेग?"

बायको हसली. मुलगी तिच्याकडे वळली, "आणि तू हसू नकोस, तूच लाडावलंयस यांना." मग आईला उचलून नीट बसवायला ती वाकली, हात पाठीमागे घातले, उचललं, आणि तशीच थांबली. तिचा चेहरा मला खांद्यावरून दिसला.

बाहेर ओट्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ती उशीसारखी लागली हाताला. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. कसलं ठीक? दिसायला तेवढीच आहे आणि..." तिने स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. "आई चाललीय आपली. तुम्हाला दिसत नाही का?"

मला दिसत होतं. इकडे कमी होत होती ती तिकडे वाढत होती. स्प्रिंगच्या मोटरचा आवाज आता पहिल्यापेक्षा लांब चालायचा.

मुलगी गेल्यावर मी गाडीवर कापड घातलं आणि गॅरेजचं शटर ओढलं.

पाठीतली कळ परत आली तेव्हा मला इतका आनंद झाला की मावशींना वाटलं मला काहीतरी झालं. खुर्चीचा उसासा परत आला. पण ती बोलायची थांबली. घास तोंडात तसाच धरून ठेवायची. दिवसभर खिडकीतून शटरकडे बघायची.

मी समोरच्या खुर्चीत बसून तिचा डावा हात चोळत होतो. तो हात म्हणजे ओला टॉवेल, टाकला तिथे पडून राहायचा.

"मी जागेवरून उठवलं तुला," मी म्हणालो.

"खुर्ची छान केलीत तुम्ही," ती म्हणाली. "पण माझी जागा ती मागची."

"मग तू इकडे राहणार नाहीस."

"एकदा," ती म्हणाली. "तळ्यापर्यंत. मग कापड घाला."

"आणि आल्यावर उतरशील?"

"'उतरले' म्हटल्याशिवाय कधी स्टँड लावू दिलाय का तुम्हाला? माझं कधी चुकलं नाही. चुकलं ते तुमचं."

७

सकाळ स्वच्छ होती. ऊन डावीकडून येत होतं. मी तिला खुर्चीत ठेवलं, शाल नीट केली, मावशींना म्हणालो, "आजचा शेवटचा. घाबरू नका, नुसतं हात धरून बसा."

फाटकाशी थांबलो. "बसलीस?"

गाडी दबली.

गोदामाची पांढरी भिंत आली तेव्हा मी उजवीकडे बघितलं. आधी कधी बघितलं नव्हतं. मी रस्त्याकडे बघतो. भिंतीवर आमची सावली पळत होती. गाडीची सावली, काचेची, माझ्या वाकलेल्या पाठीची. आणि माझ्या पाठीमागे, माझ्या कानाएवढ्या उंचीवर, दुसरं डोकं. केस उडत होते.

मग मागच्या सावलीने हात वर केला. भिंतीकडचा नाही, पलीकडचा. डावा. बोटं उघडून तिने तो वाऱ्यात धरला, लहान मुलं धरतात तसा.

मी गाडी हळू केली, भिंत लवकर संपू नये म्हणून. काचेच्या आत मला रस्ता नीट दिसत नव्हता. डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि हेल्मेट असलं की पुसता येत नाही.

८

तळ्याशी मी इंजिन बंद केलं, स्क्रीन चालू ठेवली. "उतर जरा. बघून घे." गाडी मागून उचलली गेली. एक हेल्मेट.

तिथे एक बाक आहे, पुढे उतार आणि पाणी. काठाला चिखल. कुणी नव्हतं. मी हेल्मेट काढून उभा राहिलो आणि हळू आवाजात तिला काय काय सांगितलं. आमचंच, घरातलं.

तेवढ्यात एक जुनी मोटरसायकल येऊन शेजारी थांबली. माझ्याच वयाचा माणूस, दाढी पांढरी, जॅकेट कोपरावर फाटलेलं.

"तुमची?" त्याने गाडीकडे मान केली.

"हो."

"मुलाने घेऊन दिली?"

"मी घेतली."

"वा! मुठी गरम होतात म्हणे हिच्या?"

आता मला कुणी गाडीबद्दल विचारलं की माझं काय होतं ते ती नेहमी सांगायची. म्हणायची, यांना चावी दिली की थांबत नाहीत. मी त्याला मुठी दाखवल्या. काच वरखाली करून दाखवली. त्याने मागची सीट दाबून बघितली, "कडक आहे," म्हणाला, आणि मी त्याला फोमवर एक भाषण दिलं. मग तो म्हणाला, "आवाज तर ऐकू द्या." मी हेल्मेट चढवलं, बसलो, सुरू केली. तो खूश झाला. मी त्याला हात केला, आणि गाडी एकदम सुंदर सुटली, चढाला लागली.

पहिल्या वळणावर मी तिला म्हणालो, "बघितलंस? फोमबद्दल त्याला काही माहीत नव्हतं."

दुसऱ्या वळणावर म्हणालो, "आता रुसायला काय झालं?"

तिसऱ्या वळणावर मी स्क्रीनकडे बघितलं.

एक हेल्मेट.

मी विचारलंच नव्हतं.

मी तिथेच गाडी वळवली. तळ्याशी पोचलो तेव्हा तो माणूस निघून गेला होता. बाक, पाणी, काठाचा चिखल. गाडी होती तिथेच आणून उभी केली, अगदी त्याच जागी.

"बसलीस?"

काही नाही.

"चुकलं गं माझं. पुन्हा चुकलं. हवं तर सगळ्यांना सांग. पण बस."

पाण्यावर वारा आला आणि गेला. मावशी खुर्चीशी बसून श्वास मोजत असतील, हे मला दिसत होतं. मी आरसे आत वळवले, तिला अवघड वाटू नये म्हणून. आणि पुन्हा विचारलं, जसं पहिल्यांदा विचारलं असेल तसं. "बसलीस?"

गाडी दबली.

नेहमीपेक्षा जास्त दबली. मोटरचा आवाज बराच वेळ चालला. मग दोन हेल्मेटं.

देवाशप्पथ, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. "रागावलीस?" मी विचारलं. रागावली असणार. तिचा हक्कच होता. वळणांवर गाडी जड चालत होती, जरा उशिरा कलत होती. दमली असेल, मी म्हणालो. दमलेलं माणूस जड होतं, रोज उचलणाऱ्याला माहीत असतं.

पांढरी भिंत आली. आता ती डावीकडे होती. मी बघितलं. मागची सावली माझ्या डोक्याच्या वर होती. ताठ, मधोमध बसलेली. केस उडत नव्हते.

मागची सीट उंच असते, मी म्हणालो, आणि रस्त्याकडे बघितलं.

९

फाटकाशी थांबलो. "उतरलीस?"

गाडी सावकाश उचलली गेली. एक हेल्मेट विझलं. मी हेल्मेटसकट आत धावलो.

ती खुर्चीत ताठ बसली होती. उजव्या हातात चहाचा कप.

"विसरलात ना?" ती म्हणाली. "पुन्हा!"

मी दारातच उभा राहिलो.

"वाट बघून बघून शेवटी चालत आले. वळणावळणाने, चादरींवरून. म्हटलं, हे येतील तेव्हा येतील, गप्पा मारत बसले असतील."

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काका, काकू आज लवकर उठल्या हो! केव्हाच्या जाग्या आहेत. भूक लागली म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी खायला करतेय."

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिच्या पायांवरची शाल बाजूला केली. दोन्ही तळपायांना चिखल होता, वाळून भेगा पडलेला. बोटांच्या मधे हिरवं शेवाळ.

तिच्या हातातला कप मी खाली ठेवला. मी तिच्या पाठीमागे हात घातले आणि उचलली. पाठीतून अशी कळ गेली की मी ओरडलो, आणि ती हसली. पूर्ण होती. सगळीच्या सगळी घरी आली होती. मी तिला तशीच धरून उभा राहिलो, तिचं तोंड माझ्या खांद्यावर. माझी कॉलर मागून कुणीतरी घट्ट पकडली होती. तिचा उजवा हात माझ्या गळ्यात होता. ती पकड डाव्याची होती.

"नका रडू," ती म्हणाली. "पोचले ना मी?"

"पोचलीस."

तेव्हा कुठे मला आठवलं, की तळ्यावरून मी एकटा आलो नव्हतो.

मी तिला खुर्चीत ठेवलं. गादीने लांब उसासा टाकला. ती माझी कॉलर सोडून माझ्या मागे बघत होती, उघड्या दाराकडे. तिने पदर सारखा केला, केस मागे घेतले. पाहुणे आले की करते तसं.

"अहो," ती हळूच मला रागे भरली, "यांना दारातच काय उभं केलंत? बरोबर घेऊन आलात, आणि या म्हणायला नको?"

मी वळलो नाही. मला वळता आलं नाही. स्वयंपाकघरात मावशींच्या भांड्यांचा आवाज येत होता. माझ्या पाठीमागून काहीतरी ओलं, सावकाश, फरशीवरून आत आलं आणि माझ्या बाजूने पुढे गेलं. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिचा डावा हात खुर्चीवरून उचलला गेला आणि समोरच्या, माझ्या, खुर्चीकडे झाला.

"संकोच करू नका," ती गोड आवाजात म्हणाली. "किती वेळ उभ्या असाल तिथे. बसा ना."

माझ्या खुर्चीच्या गादीने श्वास सोडला. माझ्यासारखा तुटक नाही. लांब, खोल, संपेचना.

मग, पहिल्यांदाच, मला तो शब्द ऐकू आला. वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नव्हतं, आणि आज कुणीतरी दोनदा विचारलं, अशा आवाजात.

"बसले."